माझ्या मायच्या बाटलीतलं पाणी

या सदरातले अनुभव मी दुपारच्या सुट्टीत डबा खाताना वाचतो. खरं सांगतो, हसायला वाचतो. आमच्या घरात धम्मदीक्षेच्या बावीस प्रतिज्ञा लहानपणीच पाठ करून घेतलेल्या, त्यामुळे भूत, भानामती, अंगात येणं यातलं काहीही आमच्या उंबऱ्याच्या आत कधी आलं नाही. त्यात माझी नोकरी बुलढाण्याला कोर्टात, स्टेनोग्राफरची. वीस वर्षं साक्षी उतरवतोय. माणूस किती मनापासून, डोळ्यात पाणी आणून चुकीचं सांगू शकतो, ते मी रोज ऐकतो. म्हणूनच हे लिहायला मला वर्षभर लागलं... लिहू की नको, यातच वर्ष गेलं.

आधी माणसं सांगतो. आमचं मूळ गाव धामणगाव बढे, राहणं बुलढाण्यात. घरात तिघं - मी, माझी बायको वंदना आणि माझी माय. मायच्या दोन्ही किडन्या गेल्यात. आठवड्यातून दोनदा डायलिसिस. वंदना नर्स आहे, आणि माय ज्या दवाखान्यात जाते त्याच डायलिसिस युनिटमध्ये तिची ड्यूटी. दवाखान्याचं नाव देत नाही, बुलढाण्यात राहणारे ओळखतीलच. मायच्या डाव्या हातात दोन जाड सुया जातात, त्या वंदनाच टोचते. दुसऱ्या कोणाला माय हात लावू देत नाही.

आता पाण्याचं. ज्यांच्या घरात डायलिसिसचा पेशंट आहे त्यांना सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगतो. या पेशंटला लघवी जवळजवळ होत नाही, त्यामुळे प्यायलेलं पाणी अंगातच साठतं. फुप्फुसात गेलं तर जीव जातो. म्हणून पाणी मोजून. वंदनाने मायला अर्ध्या लिटरची एक बाटली ठरवून दिली होती. बाटलीला पांढरी पट्टी चिकटवलेली, तिच्यावर पेनने रेघा - सकाळ, दुपार, संध्याकाळ, झोपताना. तहान भागल्यासारखी वाटावी म्हणून त्यात दोन वेलदोडे ठेचून टाकलेले. मायचा सगळा दिवस त्या रेघांवर चालायचा. ती टीव्हीकडे कमी आणि बाटलीकडे जास्त बघायची.

वंदनाला पळायचा नाद उशिरा लागला, पस्तिशीनंतर. आधी क्रीडा संकुलात चार फेऱ्या, मग दहा किलोमीटर, मग अकोल्याची मॅरेथॉन. वाळवंटातल्या शर्यतीचं तिच्या डोक्यात कसं आलं ते सांगतो. युनिटला येणारे बरेचसे पेशंट घाटाखालच्या खारपाणपट्ट्यातले, खाऱ्या पाण्याने किडन्या गेलेले, संग्रामपूर-जळगाव जामोद भागातले. पहाटेची एसटी धरून येतात आणि चार तास मशीनवर काढून, पाय लटपटत असताना, परत स्टँडवर जाऊन बसतात. एकदा त्यातला एक जण स्टँडवरच कोसळला. वंदना त्या दिवशी घरी आली ती जेवलीच नाही. पुढे तिला समजलं की जैसलमेरकडे वाळवंटात तीन दिवसांची एक शर्यत असते, आणि भाग घेणारे आपापल्या कामासाठी लोकांकडून मदत गोळा करतात. तिने ठरवून टाकलं. पेशंटसाठी गाडी, ने-आण करायला.

मग वर्षभर तयारी. बुलढाणा पठारावर, इथलं ऊन तिला पुरेना. म्हणून सुट्टीच्या दिवशी भर दुपारी घाट उतरून मोताळ्यापर्यंत जायची आणि राजूर घाट पळत चढून यायची. पाठीवर पाच किलो तांदूळ. ट्रकवाले गाडी हळू करून विचारायचे, "बाई, सोडू का कुठं?"

मायला हे मुळीच आवडलं नव्हतं. पण त्यावरून भांडण झालं नाही, भांडण झालं ते पाण्यावरून. वंदना निघायच्या दोन दिवस आधी तिने मायला मोरीत पाणी पिताना पाहिलं. चोरून. वंदना चिडली, तिने मायच्या हातातला ग्लास काढून घेतला. ग्लास ओढताना थोडं पाणी मायच्या पदरावर सांडलं. माय पदर पिळत मोरीतून बाहेर आली. संध्याकाळी मला म्हणाली, "माह्या हातातून आजवर कोनी पानी हिसकलं नव्हतं रे बापू." वंदनाला ते ऐकू गेलं.  दोन दिवस दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत, आणि तशीच वंदना गेली. मी तिला मलकापूरला गाडीत बसवून दिलं तेव्हा तिने खिडकीतून एवढंच विचारलं, की आत्याबाईंना सुया युनिटमधली रेखा सिस्टर टोचेल ना? वंदना मायला आत्याबाई म्हणते.

आता त्या दिवसाचं. मार्चची सुरुवात, शर्यतीचा तिसरा आणि शेवटचा दिवस, आणि मायच्या डायलिसिसचा वार. साडेअकराला रेखा सिस्टरने मायचं वजन केलं - शेहेचाळीस किलो चारशे ग्रॅम. मशीनला दोन लिटर पाणी काढायला लावलं. हे आकडे मी मुद्दाम देतोय, पुढे लागतील. बाटली मायच्या उजव्या बाजूला स्टुलावर. सकाळच्या रेघेपर्यंत प्यायलेली, म्हणजे चारशे मिली शिल्लक.

मी शेजारी खुर्चीवर मोबाईल घेऊन बसलो. प्रत्येक धावणाऱ्याच्या बॅगेला एक छोटं यंत्र होतं, ते दर दहा मिनिटांनी जागा कळवायचं. वेबसाईटवर नकाशा, आणि नकाशावर ठिपके. वंदनाचा ठिपका निळा. दोन दिवस मी तो बघत होतो... कोर्टात, जेवताना, बाथरूममध्येसुद्धा. निळा ठिपका सरकला की बरं वाटायचं.

एक वाजून दहा मिनिटांनी तो सरकायचा थांबला.

आधी वाटलं नेटवर्क. मग वाटलं, बसली असेल सावलीला. पान पुन्हा पुन्हा उघडलं. दीड वाजला. पावणेदोन वाजले. बाकी सगळे ठिपके पुढे निघून गेले होते, आणि निळा तिथेच. मायने मान वळवून विचारलं, "कुठी आहे ती?" मी म्हणालो, पळतेय. माय माझ्याकडे बघत राहिली. तिला वाचता येत नाही, पण माणसं वाचता येतात.

मी बाहेर जाऊन आयोजकांच्या नंबरवर फोन लावला. कोणीतरी तरुण मुलगा होता, हिंदीत बोलत होता, आवाज घाईत. त्याने सांगितलं की बाराच्या पुढे तिकडे वारा सुटलाय, वाळू उडतेय, रस्ता दाखवणारे झेंडे पडलेत. दोन जण वाट चुकले होते, त्यातला एक सापडला. दुसरी वंदना. ठिपका थांबला होता तिथे गाडी जाऊन आली होती. तिथे कोणी नव्हतं. म्हणजे ठिपका थांबला नव्हता, यंत्रच बंद पडलं होतं, आणि वंदना तिथून पुढे कुठेतरी गेली होती. कुठे, ते कोणालाच माहीत नव्हतं. मी विचारलं, तिच्याजवळ पाणी किती असेल? तो म्हणाला, सर, ढाई लीटर था, लेकिन सुबह से चल रही हैं.

मी आत येऊन बसलो. चेहरा शक्य तितका सरळ ठेवला. 

सव्वादोनला फोन वाजला म्हणून मी परत बाहेर गेलो. युनिटमध्ये रेंज नीट येत नाही. पायऱ्यांजवळ कडुलिंब आहे, त्याच्याखाली उभा राहून बोललो. नवीन काही नव्हतं, आणखी एक गाडी पाठवली एवढंच. फोन ठेवला तरी मी तिथेच उभा राहिलो. आत जायची हिंमत होईना. बाहेर एकूण वीस मिनिटं गेली असतील. माझ्या मोबाईलवर कॉलची वेळ आहे - दोन सोळा.

आत आलो तर रेखा सिस्टर मायवर रागावत होती. स्टुलावरची बाटली रिकामी. झाकण काढून शेजारी ठेवलेलं. तळाशी वेलदोड्याची फोलपटं चिकटलेली.

"सगळं पेलात ना आजी? वंदना मॅडमले काय सांगू मी आता?" रेखा म्हणत होती.

माय शांत होती. म्हणाली, "मी नाई पेली. वंदना पेली."

रेखाने माझ्याकडे पाहिलं. माय पुढे बोलत राहिली, अगदी रोजच्या आवाजात. वंदना आली होती. तोंड लाल, ओठ फाटलेले, केसात माती. बोलता येत नव्हतं तिला, नुसतं तोंड उघडं. "मी म्हनलं, काऊन वं, काय झालं? तर काही बोलेना. मंग मी बाटली देली. हळू पे म्हनलं. पन तिनं गटागटा पेली, पूरी."

डायलिसिसमध्ये बीपी एकदम खाली गेलं की पेशंट असं काहीबाही बोलतात. रेखाने लगेच पट्टा बांधला. एकशे तीस-ऐंशी. बोटाला सुई टोचून साखर पाहिली, तीही बरोबर. मायला वार विचारला, तिने बरोबर सांगितला. कोण आमदार तेसुद्धा सांगितलं.

युनिटमध्ये तेव्हा आणखी दोन पेशंट होते. एक बाई झोपलेली. दुसरे समोरच्या बेडवरचे संग्रामपूरकडचे एक काका. त्यांना मी विचारलं. ते म्हणाले, आत कोणी आलं नाही. "पन म्हातारी बोलून राह्यली होती खरी. मले वाटलं फोनवर आहे." मायजवळ फोन नसतो.

आता माझं काय झालं ते सांगतो, लपवत नाही. भूतबित न मानणारा मी घाबरलो. कारण लहानपणी गावात ऐकलेलं सगळं वर आलं. दूरचं माणूस असं समोर येऊन उभं राहतं, ते कधी, हे गावात सगळ्यांना ठाऊक असतं. माय ते बोलली नाही, पण तिलाही ठाऊक होतं. मी खुर्चीवर बसलो. ठिपका पाहिला. अजून एक दहावरच. मायने उजवा हात लांब करून माझ्या गुडघ्यावर ठेवला आणि म्हणाली, "पेली ना तिनं पानी. भेऊ नको."

पुढचा तास कसा गेला ते मला सांगता येणार नाही. मशीनचा आवाज आठवतो फक्त.

तीन पंचवीसला फोन. तोच मुलगा. मॅडम मिल गईं, ठीक हैं. मी काहीतरी बोललो असेन. मग तो म्हणाला, "सर, एक बात पूछनी थी. ये आत्याबाई कौन हैं? मैडम बार-बार बोल रही हैं, पानी आत्याबाई ने दिया. हमें लगा यहाँ कोई और औरत भी फँसी है, हम उसको ढूँढ रहे हैं."

मी कडुलिंबाच्या खोडाला हात टेकून उभा राहिलो. त्याला म्हणालो, शोधू नका. तिथे कोणी नाही.

वंदना मूळ रस्त्यापासून चार किलोमीटर आत, एका खेजडीच्या झाडाखाली सापडली. पाठीवरची पाण्याची पिशवी काट्याला लागून फाटली होती. तिच्या म्हणण्याप्रमाणे साडेबाराच्या सुमारासच. म्हणजे तीन तास, त्या उन्हात, थेंबभर पाण्याशिवाय. त्यांच्या डॉक्टरशी मी स्वतः फोनवर बोललो. सलाईनची तयारी करूनच ते गाडीत बसले होते, पण तपासल्यावर त्यांनी सलाईन लावलं नाही, गरज वाटली नाही. त्यांचा अंदाज असा की पिशवी वंदना सांगते त्यापेक्षा बरीच उशिरा फाटली असणार, उन्हात वेळेचं भान राहत नाही. हे शक्य आहे. मी ते नाकारत नाही.

चार वाजता मायचं मशीन काढलं. रेखाने तिला काट्यावर उभं केलं. माय चारशे मिली प्यायली असती तर काटा चव्वेचाळीस-आठशेच्या आसपास यायला हवा होता. आला चव्वेचाळीस-चारशे. रेखाने तिला उतरवलं, काटा शून्यावर आणला, परत उभं केलं. तेवढंच. चादर कोरडी होती, फरशी कोरडी होती. बेसिन युनिटच्या दुसऱ्या टोकाला, आणि माय दोन नळ्यांनी मशीनला बांधलेली. रेखाने वहीत वजन लिहिलं आणि पुढच्या पेशंटची तयारी करायला गेली.

संध्याकाळी घरी मी बाटली भरून मायपुढे ठेवली. म्हणालो, तू प्यायली नाहीस हे काट्यावर दिसलंय, पी आता, तुझा हक्क आहे. तिचे ओठ सुकलेले दिसत होते. गिळताना त्रास होत होता.

"नको," ती म्हणाली. "आजचं माह्यं पानी झालं."

मी खूप समजावलं. तिने दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत घोटभरसुद्धा घेतलं नाही.

तीन दिवसांनी मी वंदनाला आणायला मलकापूरला गेलो. फोनवर मी तिला मायचं काहीच सांगितलं नव्हतं, मुद्दाम. रेखालाही सांगू नको म्हणालो होतो. मला तिच्याकडून कोरं ऐकायचं होतं. बसमध्ये मोताळा गेल्यावर मी विचारलं, काय झालं होतं नेमकं?

वंदनाने सगळं सांगितलं. वाऱ्यात झेंडे दिसेनासे झाले. पिशवी फाटल्याचं कळलं तेव्हा पाठ ओली होती आणि नळीतून हवा येत होती. झाडाखाली बसल्यावर पाय हलेनात. घाम यायचा थांबला, तेव्हा नर्स म्हणून तिला कळलं की आता फार वेळ नाही. "आणि मग आत्याबाई आल्या," ती म्हणाली. उन्हातून चालत आल्या. अनवाणी. नेहमीचं हिरवं लुगडं. दोन्ही हात मोकळे, डाव्या हातावर सुयाही नाहीत की पट्टीही नाही. समोर उकिडव्या बसल्या, रेघांची बाटली तिच्या तोंडाला लावली आणि म्हणाल्या, हळू पे.

"भास होता," वंदना लगेच म्हणाली. "पाणी कमी झालं की होतो. मी पेशंटमध्ये पाहिलंय." थोड्या वेळाने खिडकीबाहेर बघत म्हणाली, "पण अहो, तोंडात वेलदोड्याची चव होती. गाडी येईपर्यंत होती."

तेव्हा मी तिला सांगितलं. घाट चढून बस वर येईपर्यंत तिने दोन वेळा फक्त वजन विचारलं.

घरी पोचलो तर माय पलंगावर बसलेली. "आली?" म्हणाली. वंदना "हाव" म्हणाली, पिशवी खाली ठेवून तिच्या पायाशी बसली आणि मायचा डावा हात मांडीवर घेऊन सुया टोचतात ती जागा बोटांनी चाचपत राहिली. दोघी रडल्या नाहीत. ग्लासाचा विषय निघाला नाही, आजपर्यंत निघालेला नाही.

शर्यत वंदनाची पूर्ण झाली नाही. पण ज्यांनी मदत कबूल केली होती त्यातल्या कोणी हात मागे घेतला नाही. पेशंटची गाडी सुरू झाली आहे.

मी या प्रकरणाची आपल्या परीने उलटतपासणी केली. वंदनाला उष्माघातात भास झाला, समजू शकतो. मायला सुनेच्या काळजीने भास झाला, तेही समजू शकतो. दोघींना एकाच वेळी, एकाच बाटलीचा, हाही योगायोग मानतो, वाटलं तर. बाटली मी नसताना दुसऱ्या कोणी रिकामी केली असेल... कोणी, ते मला सापडलं नाही. इथल्या डॉक्टर वाचकांना वजनाचं काही कारण सुचलं तर जरूर लिहा. मी खरंच वाट बघतोय.

एक गोष्ट मात्र उरते. दोघींचं सगळं जुळतं, एवढं एक सोडून. माय म्हणते, वंदना दवाखान्यात आली. वंदना म्हणते, आत्याबाई वाळवंटात आल्या. मागच्या महिन्यात जेवताना मी दोघींना समोरासमोर विचारलं.

माय म्हणाली, "मी मशीनले बांधलेली. मी कुठी जाईन?"

"आणि माझ्यात उठायची ताकद नव्हती," वंदना म्हणाली. "तुम्हीच आल्या होत्या आत्याबाई. माझ्यासमोर बसल्या होत्या."

मायने हातातला घास ताटात परत ठेवला. मग तिने वंदनाकडे पाहिलं.

"असंल," म्हणाली. "मंग मीच आली असन."

आणि जेवायला लागली.